मधल्या तीन ओळी

पानाच्या खालच्या बाजूला, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, पांढऱ्या माशीची एकोणीस पिल्लं होती. पलीकडच्या ओळीत तेवढ्याच जागेत दोन. स्वरूपाने भिंग पुसून पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

मोशीच्या त्या पॉलिहाऊसमध्ये टोमॅटोच्या अठ्ठावीस ओळी होत्या. पाणी एक, रोपं एकाच रोपवाटिकेतली. तरी माशी मधल्या तीन ओळींवरच. तिथली पानं काळपट हिरवी, नको इतकी लुसलुशीत. मागच्या कंपनीतला पत्रे ठोकणारा अवजड प्रेस पडला की जमीन थरारायची आणि त्या ओळींतून माश्या एकदम उठायच्या. माणसाएवढा उंच थवा होऊन क्षणभर तशाच थांबायच्या. बाकी रोपांवर सगळं शांत.

त्या ओळी तिच्या सासूबाईंनी, शालनबाईंनी लावलेल्या. दीड महिन्यापूर्वी त्या गेल्या. तेव्हापासून सासरे, लक्ष्मणराव, रोज सकाळी त्या रोपांच्या बुडाशी मुठीतून थोडाथोडा युरिया टाकत. युरियाने फुगलेला रस माशीला मानवतो, हे स्वरूपाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण म्हातारा तेवढ्यापुरताच घराबाहेर पडायचा. म्हणून तिने अडवलं नव्हतं.

आज त्या तिन्हींच्या शेजारच्या ओळीतल्या शेंड्यांची पानं वाटीसारखी वळली होती. माशीने रोग पुढे नेला होता. आता थांबवलं नाही तर सगळं पीक जाणार होतं.

लक्ष्मणराव घमेलं घेऊन आले. प्रेस पडला. माश्या उठल्या.

"आली बग," ते हळूच म्हणाले.

"कोण, आबा?"

"तुजी सासू. खायाला घातलं की येती. दुसऱ्या वळीत पाय ठेवती का? न्हाई."

"माश्या आहेत त्या. खत जास्त झालं की जमतात."

"व्हय, लई शिकलीस तू. ती नुसतं शेणखत घालायची. 'तुजी रोपं मरतुकडी' म्हणून चिडवायचो मी तिला. आता बग, कशी माजल्यात. म्हणून तर येती, पांढरं नेसून."

"आबा, आईंना आपण हिरव्या साडीत नेलं. पांढरं त्या कधीच नेसल्या नाहीत."

म्हाताऱ्याची मूठ घमेल्यातच राहिली. पुन्हा प्रेस पडला. माश्या उठल्या, आणि या वेळी खाली न बसता, सावकाश, म्हाताऱ्याच्या मुठीकडे सरकू लागल्या.

"मग ही कोण?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

स्वरूपाने त्यांच्या हातून घमेलं काढून घेतलं.

"आबा, या तिन्ही ओळी मी आजच उपटून जाळणार आहे."