घट्ट बसलेलं सुकाणू

शिडाची होडी शिवलालने बांधलेली. पण झिजून ढिलं झालेलं सुकाणू डगमगू लागलं, तेव्हा मालकाने भातगिरणीचा फिटर बिसराम याला बोलावलं. नवेगावच्या तलावाकाठी बिसरामने सुकाणूच्या लाकडी दांड्यावर, तो ज्यांच्या आत फिरतो ते धातूच्या नळीसारखे नवे बुश असे घट्ट बसवले की मालक म्हणाला, "वा, याला म्हणतात कारागीर!"

शिवलालचा जळफळाट झाला. पाण्यात लाकूड फुगेल आणि दांडा अडकेल, हे त्याला माहीत होतं. तरी तो गप्प बसला. बिसरामची फजिती त्याला पाहायची होती.

"शिवलाल, पहिली फेरी तूच मार," मालक म्हणाला.

शिवलाल जागचा हलला नाही. "आधी बुश आतून घासा. दांडा फुगते पाण्यात."

बिसरामने पाना खाली ठेवला. "मंग आतापर्यंत चूपचाप काऊन पाहून राहिला होता गा?"