बर्फातली बाटली

नवापूरचा कोळी जपायची वस्तू हातात आली की आधी बर्फ शोधणार. चिंतूनेही तेच केलं. बायकोसाठी मुंबईहून आणलेली औषधाची बाटली त्याने पापलेटाच्या खोक्यात, बर्फात गळ्यापर्यंत पुरून बोईसरच्या दवाखान्यात आणली आणि शाबासकीसाठी डॉक्टरांकडे पाहिलं.

डॉक्टरांनी बाटली उजेडाला धरली. तळाशी पिवळे कण बसले होते.

"बर्फात ठेवलीत? अहो, हे प्लॅटिनम धातूपासून केलेलं औषध. गारठलं की त्याचे असे कण होतात."

"मासा नासतो म्हून..." चिंतूच्या तोंडचं पाणी पळालं.

जमुनाचा कर्करोग पोटातून छातीकडे सरकू लागला होता. त्याला आवर घालील असं हे नवं औषध सहजी मिळत नव्हतं. दुसरी बाटली कधी येईल, ते मुंबईचे डॉक्टरही सांगत नव्हते. आणि हा शहाणा ती बर्फात घालून आला होता!

"टाकून द्यावी लागंल?"

"वाट पाहू. खोलीच्या उबेत कण विरले तर देऊ. एक जरी राहिला तरी देणार नाही."

बाटली टेबलावर कापडाखाली ठेवली. चिंतू ती मुठीत धरायला गेला, तर उषा सिस्टरने त्याचा हात झिडकारला. मग त्याचा सगळा राग खोक्यावर निघाला. लाथेनेच त्याने ते व्हरांड्यात सरकवलं.

"आलं का औशद?" आतून जमुनाने विचारलं. तिला सलाईन कधीच लावलं होतं.

"आलंय," तो म्हणाला. खोटं न बोलताही त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर येत, कापड उचलत, मान हलवत आणि पुन्हा झाकून जात. चिंतूने एकवीरेला बोकड कबूल केला. शेवटी डॉक्टरांनी बाटली उलटीसुलटी करून खूप वेळ निरखली.

"सिस्टर, सलाईनमध्ये सोडा."

चिंतूला भिंतीशीच रडू कोसळलं.

संध्याकाळी जमुनाला ओकाऱ्या सुरू झाल्या. ओठ सुकून गेले. "अवो, जरा बर्फ द्या ना."

चिंतूने घाबरून सिस्टरकडे पाहिलं.

"औषधाला चालत नाही, तिला चालतो. धुऊन द्या."

तो व्हरांड्यात धावला. खोक्याच्या कोपऱ्यात एक खडा उरला होता. उकळून गार केलेल्या पाण्याने त्याने तो धुतला आणि तिच्या ओठांवर धरला.

"पापलेटाचा वास येतो," जमुना म्हणाली.

"टाकू?"

तिने त्याचं मनगट धरलं. "नको. राऊ दे."