घटापुढचे सहा पिरान्हा

आमच्या अमरसिंह भाऊजींना पिरान्हा पाळायची हौस कुठून आली, ते मला नेमकं माहीत आहे. जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी ते पुण्यात एका बड्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर चार तास बसून होते. पुढारी काही भेटला नाही, पण दिवाणखान्यात काचेची मोठी टाकी होती आणि तीत पिरान्हा होते. माणूस तिकीट आणायला गेला आणि मासे डोक्यात घेऊन परतला. वाटेत नगरच्या एका दुकानातून चार फुटी टाकी, हवेचा पंप, पाणी कोमट ठेवायचा हिटर आणि पिरान्हाची सहा पिल्लं घेऊनच ते आमच्या गावी, कड्याला उतरले.

पिल्लं एवढीशी, रुपयाच्या नाण्याएवढी. अंगावर काळे ठिपके, पोटाला जराशी लाली. भाऊजींनी टाकी बैठकीत मांडली, आल्यागेल्याला दिसावी म्हणून. "वाघ पाळला तर सरकार धरतंय वहिनी. हे पाण्यातले वाघ," असं म्हणाले, दोन दिवस फोटो काढले आणि तिसऱ्या दिवशी विसरून गेले. पुरुषांच्या हौशी शेवटी घरातल्या बाईच्या गळ्यात पडतात. मी थोरली सून, मोहिनी. टाकी माझ्या गळ्यात पडली.

दुकानदारानं एक इंग्रजी कागद दिला होता. तो वाचला माझ्या मुलीनं, स्वप्नालीनं. ती पाचवीत आहे, इंग्रजी शाळेत जाते. आमच्या एवढ्या मोठ्या घरात इंग्रजी धड वाचणारं माणूस ते एकच, दहा वर्षांचं. औषधाच्या पाकिटापासून खताच्या पोत्यापर्यंत जे येईल ते तिच्यापुढं जायचं. तिनं वाचून दाखवलं की माझ्या सासूबाई, तुळजाबाई, तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडायच्या. मी बारावीवर थांबवलेली बाई. लेकीचं ते वाचणं ऐकताना माझा जीव सुपाएवढा व्हायचा, खोटं कशाला बोलू?

कागदावर लिहिलं होतं की दिवसातून दोनदा खायला द्या आणि पिल्लांना भुकेलं ठेवू नका, नाहीतर ती एकमेकांना खातात. स्वप्नाली वाचता वाचता थांबली.

"आई, आपण न्हाई ना ठेवणार भुकेलं?"

"आगं, ह्या घरात कुत्रं उपाशी ऱ्हात न्हाई. सहाचे सहा मोठे करू. माजा शब्द हाय तुला."

असा मी शब्द दिला. तिनं सहाही जणांना नावं ठेवली. सगळ्यात लहान ती बारकी. स्वप्नालीनं काचेवर बोट ठेवलं की बारकी समोर येऊन उभी राहायची. शाळेत निघताना पोरगी सहा मोजायची आणि मगच बूट घालायची.

महिन्याभरात नवरात्र आलं. आमचा देव्हारा बैठकीच्या कोपऱ्यातच, त्यामुळं घट बसले ते टाकीच्या शेजारी. पत्रावळीवर काळी माती, तिच्यात पेरलेलं धान्य, वर मातीचा घट आणि नऊ दिवस न विझणारा नंदादीप. ह्या नऊ दिवसांत मटण-मासळी-अंडं घरात शिरत नाही, त्याची भांडीसुद्धा आधीच बाहेरच्या खोलीत जातात. यंदा तर आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नऊ दिवस फक्त पाण्यावर आणि केळ्यावर राहायचं धरलं होतं. नवस भाऊजींच्या तिकिटाचा होता.

पहिल्याच दिवशी मी डबी उघडून माशांना दाणे टाकले. आत्याबाईंनी नाक मुरडलं.

"कशाचं हाय गं हे?"

"माशांचं खाद्य हाय, आत्याबाई."

"ते दिसतंय मला. कशाचं केलंय? स्वप्ने, वाच गं बाळ."

पोरगी धावत आली. डबी फिरवून फिरवून तिनं बारीक अक्षरं शोधली आणि वर्गात उभं राहून वाचावं तशी ठणठणीत आवाजात वाचली. मग आजीसाठी मराठीत सांगितलं, "सुकलेल्या माशांचा भुगा, आज्जी. आन कोळंबीचा बी." सांगून झाल्यावर ती बोटं मोडायची वाट बघत उभी राहिली. आत्याबाईंनी बोटं मोडली नाहीत. डबी पदरात धरून त्या परसात गेल्या आणि उकिरड्यावर फेकून आल्या, मग डोक्यावरून आंघोळ केली.

"देवीच्या घरात ऱ्हातेत ना हे बी? मग नऊ दिस पाळतील. आपण पाळतो, त्यांना काय धाड भरलीया?"

झालं. पिरान्हांना उपास लागला. मी राजगिरा टाकला, भिजवलेली डाळ वाटून टाकली, कणकेच्या मोहरीएवढ्या गोळ्या केल्या. मासे जवळ यायचे, तोंडात घ्यायचे आणि थुंकून द्यायचे. तळाशी गाळ साचत गेला.

आमचे हे, बद्रीनाथ (कागदावर नाव घेतेय, तोंडानं अजून घेतलेलं नाही), त्यांना मी सांगितलं. ते पेपरमागून म्हणाले, "आईच्या मधी मी पडत न्हाई." भाऊजींना सांगितलं. व्यासपीठावरून विज्ञानाच्या गोष्टी सांगणारा हा माणूस, पण त्याचा चेहराच उतरला.

"वहिनी, आईचा उपास माझ्यासाठी हाय. मधीच नियम मोडला आन तिकीट गेलं तर?"

"मग टाकी तरी हलवा. शेतातल्या आखाड्यावर रतनबाईकडं ठिवू नऊ दिस. तिच्याकडं घट न्हाईत."

"दसऱ्याला पुण्याचे साहेब येणारेत सोनं द्यायला. टाकी हितंच पायजे. नऊ दिसांनी काय मरतेत का मासे?"

तिसऱ्या दिवशी एकाची शेपटी कुरतडलेली दिसली. चौथ्या दिवशी स्वप्नालीनं मोजले तर पाचच भरले. तळाशी गाळात एक बारीकसा काटा पडला होता. ती रडली नाही. बूट हातात घेऊन तशीच ओट्यावर बसून राहिली आणि शाळेची गाडी निघून गेली.

पाचव्या दिवशी रतनबाई आली. ही आमच्या आखाड्यावर राहते, शेतातलं सगळं बघते. तिनं पदराच्या गाठीत मूठभर सुकट आणली होती. "आत्याबाई आंघोळीला गेल्या की टाका. दोष लागला तर मला लागू द्या," म्हणाली. मी चिमूटभर टाकली. पाचही जण तुटून पडले. आठ-दहा सेकंदांत सगळं साफ. स्वप्नाली इतकी हसली की मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

पण सुकटीचा वास. मी उदबत्त्यांचा जुडगाच पेटवला, तरी आत्याबाईंना दारातच कळलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओल्या केसांनी त्या घटापुढं बसल्या, स्वप्नालीला जवळ बोलावलं, माझा हात धरून तिच्या डोक्यावर ठेवला.

"म्हन. घट उठंस्तोवर ह्या घरात मासळी टाकणार न्हाई."

मी म्हटलं. माझ्या तळव्याखालून पोरगी वर बघत होती. तिच्या डोक्याची ऊब हाताला लागत होती.

हसू येईल तुम्हाला. दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट असती तर मीही हसले असते. शपथेनं काही होत नाही हे मलाही शिकवलंय शाळेत. पण रतनबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठ घेऊन आली तेव्हा माझा हात पुढं झाला नाही. स्वप्नालीला दोन दिवस खोकला होता, साधा, हवा बदलल्याचा. तरी हात पुढं झाला नाही. मला माझाच राग आला, इतका की भाकरी थापताना परात आपटली. घरातल्या कुणी विचारलं नाही काय झालं म्हणून.

मग मी बारकीला बाजूला काढलं. लोणच्याची रिकामी बरणी धुतली, टाकीतलंच पाणी भरलं आणि तिला त्यात सोडून फडताळावर ठेवलं. निदान ही एक तरी वाचेल असं वाटलं. पण पंप एकच आणि हिटरही एकच. सकाळी बारकी आडवी होऊन वर तरंगत होती. बाकीच्यांनी तिला खाल्लं असतं. ती माझ्याच हातानं गेली. स्वप्नालीनं बरणीवर बोट ठेवून पाहिलं. कुणी समोर आलं नाही.

आठव्या दिवशी दोन उरले, नवव्या दिवशी एक. आत्याबाई टाकीपासून दोन हातांवर जप करत बसलेल्या असायच्या. त्यांना दिसत नव्हतं असं नाही. एकदा म्हणाल्या सुद्धा, "माजी बी आतडी तुटत्यात गं. पण धरलंय तर धरलंय." नऊ दिवसांत त्या खरोखर अर्ध्या झाल्या होत्या. अशा बाईशी भांडायचं तरी कसं? मला भांडताच आलं नाही.

त्या दिवशी वेणी घालताना स्वप्नालीनं विचारलं, "आई, मी ते वाचलं कावून?"

"कुणी वाच म्हणलं की वाचावं लागतंय, बाळा."

"मी पिठाचं हाय म्हणले असते तर सहा असते ना?"

मी वेणी घट्ट ओढली आणि रिबीन शोधायच्या निमित्तानं उठले. माझा शब्द तिनं आठवूनही दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

दसऱ्याला घट उठले. आमच्याकडं घट उठले की देवीला बोकडाचा मान असतो. दुपारी साहेब आले, सोबत तीन गाड्या. आपट्याची पानं दिली-घेतली गेली, आणि साहेब टाकीपुढं थांबले.

"एकच?"

"सहा होते साहेब," भाऊजी म्हणाले. त्यांना मोजायला कधी वेळ नव्हता, पण हे मात्र पाठ होतं. "पाचांना पुरून उरला."

साहेब खूश झाले. "असा कार्यकर्ता पाहिजे अमरसिंह," म्हणाले आणि बैठक हसली. आमचे हेसुद्धा हसले. आत्याबाई उठल्या, नैवेद्याच्या ताटातला मटणाचा एक बारीक तुकडा तोडला आणि स्वतःच्या हातानं पाण्यात सोडला. "खा रे बाबा, लई धीर धरलास," असं अगदी मायेनं म्हणाल्या. मासा तुकड्याजवळ आला आणि वळून कोपऱ्यात गेला. त्याचं पोट भरलेलं होतं.

पाहुणे गेले. नऊ दिवसांनी जेवलेल्या आत्याबाईंना जड झालं म्हणून आमच्या ह्यांनी डॉक्टरकडून गोळ्या आणवल्या. त्यांनी नेहमीसारखी हाक मारली.

"स्वप्ने, ही गोळी जेवणाआधी हाय का मागून? वाच गं बाळ."

स्वप्नाली स्वयंपाकघरातून आली. तिनं पाकीट हातात घेतलं, उलटं करून पाहिलं. तिचे डोळे ओळीवरून सरकताना मला दिसले. ओठही जरा हलले. मग तिनं पाकीट परत आजीच्या हातात दिलं.

"मला न्हाई येत वाचायला."

"आगं, परवापर्यंत येत व्हतं की!"

पोरगी माझ्याकडं बघत उभी राहिली. वाच म्हणायचं होतं मला. बाळा, येतंय तुला, वाच, मोठ्यानं वाच, असं म्हणायचं होतं. तोंड उघडलंही.

"बारीक अक्षर हाय, आत्याबाई," मी म्हणाले. "दिसत न्हाई तिला."

स्वप्नाली माझ्या मागं येऊन पदर धरून उभी राहिली. आत्याबाईंनी मान हलवली आणि पाकीट उशाखाली ठेवून दिलं. इतक्या दिवसांत माझं एवढं एकच बोलणं त्यांनी लगेच खरं मानलं.