पाणपिसवांचा निकाल

थोरली सून प्रयोगशाळेत पाणपिसवा पाळायची. टिंबाएवढे ते जीव कारखान्याच्या सांडपाण्यात सोडायचे, किती तगतात ते पाहायचं आणि ओढ्याला धोका किती ते ठरवायचं, हे तिचं काम. घरात या नोकरीला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं.

धाकट्या दिराने फरशी पुसायचं औषध काढलं, तेव्हा मात्र तिची आठवण झाली. लिंबाच्या सालींचा अर्क, शंभर टक्के नैसर्गिक. बाटलीवर हसरा मासा छापूनही झाला होता. वहिनीचा शेरा तेवढा बाकी होता.

तिने औषध भांड्यात घातलं. दुसऱ्या दिवशी एकजात सगळ्या पिसवा तळाशी. शेजारच्या भांड्यात, कारखान्याच्या सांडपाण्यात, मजेत उड्या चालल्या होत्या.

जेवताना तिने चाचरत निकाल सांगितला. दिराच्या मते पिसवा आधीच आजारी असणार. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "घरच्या माणसासाठी दोन-चार जास्त जगवता आल्या नसत्या का?"

दीर जाब विचारायला थेट प्रयोगशाळेत आला. तिने त्याला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. पारदर्शक अंगात इवलंसं हृदय धडधडत होतं, पाठीच्या पिशवीत पिल्लं वळवळत होती. त्याने स्वतःच्या हाताने औषधाचा थेंब सोडला. हृदय मंदावलं, थांबलं.

"वहिनी, हिला पिल्लं होती."

"भाऊजी, लिंबू काही वाईट नाही. ओढ्यात किती पोचतं, त्यावर सगळं आहे."

मग रोज संध्याकाळी तो यायचा, औषधात आणखी पाणी घालायचा आणि वहिनीच्या आधी पिसवांची खुशाली विचारायचा. शेवटी एकदाच्या सगळ्या जगल्या. बाटली घेऊन तो हवेत तरंगतच घरी आला. सासूबाईंनी फरशी पुसली, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "ओली झाली."

त्याने धंदा गुंडाळला. वहिनीकडून बरणीभर पिसवा मागून घेतल्या आणि खिडकीत ठेवल्या. आता मोरीत काहीही ओतायचं तर तो आडवा येतो, आणि सासूबाई त्याचं खापर थोरल्या सुनेच्या डोक्यावर फोडतात.