चौघींतली उरलेली पेन्सिल

मी एक पेन्सिल बोलतेय. साधी, लाकडी. माझा जन्मच मारझोडीतला. करवतीनं फळी चिरली, खाचेत शिसं बसवलं, वर दुसरी फळी चिकटवून दाबून धरलं आणि पुन्हा चिरून आम्हा बहिणींना वेगळं केलं.

दुकानात एक बाई आली. कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करायची. स्वतःच वकील व्हायचं म्हणून कायद्याच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होती. हातात नियमांचा कागद.

"ही खटक्याची घ्या की ताई. टोक करायची कटकट नाही," दुकानदार म्हणाला.

"ती चालत नाही हो दादा. पेनही नाही. फक्त लाकडी पेन्सिल, तीही पारदर्शक पिशवीत."

आम्हा चौघींना तिनं गिरवून पाहिलं, मगच घेतलं.

तिचा नवरा गॅरेजात इंजिनं खोलायचा. परीक्षेच्या सकाळी त्याच्या हाती तिचं प्रवेशपत्र लागलं.

"वकील होऊन मलाच कोर्टात खेचणार का गं?"

ती काही बोलायच्या आत त्यानं तिला भिंतीवर आपटलं. पिशवी फाडली. माझ्या तिघी बहिणी त्यानं एकेक करून काडकन मोडल्या. मी खाली पडले होते. मला उचलायला ती वाकली, तर त्यानं तिच्या उजव्या हातावर बूट ठेवला आणि दाबला. हाड मोडल्याचा आवाज लाकडापेक्षा फार वेगळा नसतो, हे मला तेव्हा कळलं.

टोक मोडून मी गडगडत कपाटाखाली गेले. मला बाहेर काढलं सासूबाईंनी. इतकी वर्षं असल्या वेळी त्या मोरीत नळ सोडून बसायच्या, ऐकू येऊ नये म्हणून. त्या दिवशी नळ बंद होता. भाजीच्या सुरीनं त्यांनी मला टोक केलं, मला सुनेच्या हातात दिलं आणि सुरी तशीच धरून लेकासमोर उभ्या राहिल्या.

"दारातून बाजूला हो."

"आई, वेड लागलंय का तुला?"

"लागलंय. फार उशिरा लागलं."

त्यानं सुरी हिसकायला हात घातला. पातं तळव्यात खोल गेलं. रक्त माझ्यावरही उडालं. तो ओरडत खाली बसला.

"जा," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "पळ आधी!"

परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षक बाईंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. "हा डाग कसला?"

"घरचाच आहे."

त्यांनी तिची काळीनिळी बोटं पाहिली. मग रुमालानं मला पुसलं आणि परत दिलं.

तिनं डाव्या हातानं उत्तरांचे गोल भरले. मध्येच माझं टोक मोडलं, तेव्हा तिनं दातांनी माझं लाकूड सोललं.

ती पास झाली. आता सासू-सून एका भाड्याच्या खोलीत राहतात. नवऱ्यानं आईवरच सुरीहल्ल्याची तक्रार केलीय. त्या खटल्याची कागदपत्रं ती रोज वाचते, माझ्याच टोकानं खुणा करते. मी आता जेमतेम दोन बोटं उरलेय.

ताई, टोक जरा जपून काढ गं. सासूबाई निर्दोष सुटेपर्यंत मला पुरायचंय.