कुसुमविलासचं स्टेज

बटाट्यांचा विटाळ होत नाही, माणसांचा होतो. हे मला मनोहररावांनी शिकवलं.

कुसुमविलास म्हणजे सीताबर्डीवरचं जुनं थिएटर. आधी नाटकं झाली, मग सिनेमा आला, सिनेमाही बसला तेव्हा बटाट्यांचं गोदाम झालं. स्टेजवर छतापर्यंत पोती, आणि सडका वास पार रस्त्यापर्यंत. सत्त्याहत्तर साली मालकाने चुना मारला, खुर्च्या उपटल्या आणि मंगल कार्यालयाची पाटी ठोकली. मनोहरराव तिथले मॅनेजर. माझी धाकटी बहीण कौसल्या हिचं लग्न आम्ही तिथेच ठरवलं, कारण तिला स्टेजवर लग्न करायचं होतं. मागच्या माणसालाही दिसेल असं. बाकी पोरीने काही म्हणजे काही मागितलं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी मी आणि लहानूमामा बुद्धमूर्ती नि बाबासाहेबांचा फोटो घेऊन पायऱ्या चढायला लागलो, तर मनोहरराव आडवे.

"टेबल खाली मांडा. स्टेज होमासाठी आहे."

"काहून जी?" मामा म्हणाले. "हॉल घेतला तवा तं हे बोलले नाही तुमी."

"तुमच्यात होम नाही, सप्तपदी नाही. मंग स्टेज कशाले लागते? खालीच उरका ना. वर देवाची जागा आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बटाटे सडून राहिले होते तवा देव कुठं गेले होते जी? त्यायचा विटाळ चालला, आन आमचा चालत नाही?"

"विटाळ मी म्हटलं का बाई?"

नव्हतंच म्हटलं. अशी माणसं तो शब्द तोंडातून काढत नाहीत, नियम दाखवतात. मामा माझे गरीब गाय. "जाऊ दे वं प्रेमिला, पाहुणे आले," म्हणत ते मागे वळले. मला त्यांचाही राग आला.

तेवढ्यात खोलीतून कौसल्या आली. पांढरी साडी, डोळे लाल. तिने सगळं ऐकलं होतं. मामांच्या हातातला फोटो घेतला आणि सरळ चढली. नवरीला हात धरून ओढायची मनोहररावांची छाती झाली नाही. तिच्यामागून नवरदेव चढला, मूर्ती घेऊन मी चढले, टेबल चढलं.

बौद्धाचार्य धोंडबाजींनी त्रिशरण सुरू केलं आणि माइक मेला. बाजूला पाहिलं, तर मनोहरराव तार हातात घेऊन उभे. धोंडबाजी सत्तरी ओलांडलेले, आवाज तो केवढासा! मी मनोहररावांच्या अंगावर धावूनच जाणार होते.

पण धोंडबाजी थांबले नाहीत. मान वर केली आणि म्हणत राहिले. आणि त्यांचा शब्द न् शब्द गॅलरीत पोचला! हे थिएटर लाऊडस्पीकर नव्हते तेव्हाचं. नटाचा उघडा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जावा म्हणून बांधलेलं. चुना मारून ते थोडंच पुसलं जातं? गॅलरीत हिंगण्याहून आलेल्या बाया होत्या. त्यांच्यात आमची तुळसाआत्या आधी उठली, हात जोडले आणि मोठ्याने मागोमाग म्हणू लागली. मग सगळा हॉल उभा राहिला. एवढ्या माणसांचा एक आवाज मी तोवर छताखाली ऐकला नव्हता. कौसल्या रडत होती आणि रडता रडता म्हणतही होती.

मनोहरराव धावत माझ्याकडे आले. "हळू म्हणा ना बाई! रस्त्यावरचे लोक थांबून पाहून राहिले."

"माइक तं तुमीच बंद केला," मी म्हटलं. "आता भिंती पाडता का?"