दातावरची खाच

"माझ्या दातांना काय धाड भरलीये?" असं कुरकुरत आजी एकदाची नातीच्या दवाखान्यात, तपासणीच्या खुर्चीत बसली. दातांची डॉक्टर असलेल्या नातीने दिवा जवळ ओढला आणि ती बघतच राहिली. समोरच्या दाताच्या कडेला बारीक खाच होती, कानशीने काढावी तशी. आजीच्या पिशवीतल्या रिळाचा दोरा तिने अलगद लावून पाहिला. अस्सा चपखल बसला! जन्मभर शिवणयंत्रावर बसलेल्या आजीने कात्री शोधायचा कंटाळा केला होता आणि दोरा कायम दातानेच तोडला होता. एवढासा मऊ दोरा, आणि त्याने दात कापावा?

"बुजवून टाकू, आजी?"

"राहू दे गं. आधी स्वतःचा खांदा बघ. लोकांच्या तोंडात वाकून वाकून उजवा खाली आलाय. तुझ्या प्रत्येक कोटात तिथे मी कापडाची घडी घालते."

"काहीतरीच काय!"

नात आरशासमोर गेली. दोन्ही खांदे एका रेषेत होते. तिने आजीने शिवलेला पांढरा कोट उतरवला, आणि उजवा खांदा खाली आला.